काजूच्या शेडमधली दहावी

"तृप्ती, घरात आहेस काय गं?"

अंगणातून हाक आली तेव्हा मी मोबाईल खिडकीच्या गजाला टेकवून दहावीला भिंगं शिकवत होते. पडद्यावर मोजून सहा-सात पोरं, त्यातली दोघं हलायची बंद झालेली. आवाज ओळखला आणि "बाकीचं उद्या" म्हणून मी फोन बंद केला. बाहेर डोणकर सर स्कूटर स्टँडवर लावत होते.

डोणकर सर म्हणजे आमच्या हायस्कूलचे मुख्याध्यापक. त्याआधी त्याच शाळेत ते माझे गणिताचे सर. बाबा गेले तेव्हा मी नुकतीच दहावी झाले होते आणि आता पुढचं शिक्षण बस, असं चुलत्यांनी ठरवून टाकलं होतं. सर घरी आले, चुलत्यांशी काय बोलले ते मला आजही माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी मला स्कूटरवर मागं बसवून गडहिंग्लजच्या कॉलेजात नाव घालून आले. पुढं बीएस्सी, बीएड, मग आमच्याच हायस्कूलात शिक्षण सेवक म्हणून नेमणूक. प्रत्येक ठिकाणी त्यांनी शब्द टाकला होता. आमच्या घरात देवांच्या ओळीत त्यांचा फोटो लावायचा तेवढा बाकी होता.

आईनं घाईघाईनं खुर्ची पुसून दिली, चहा टाकायला आत गेली. सरांनी मास्क हनुवटीवर घेतला.

"आदेश बघितलास?"

"बघितला सर."

मार्च २०२१ चा महिना. हिवाळ्यात नववी-दहावीचे वर्ग सुरू झाले होते. पालकांची लेखी संमती, एका बाकावर एकच पोर, निम्मी मुलं आज तर निम्मी उद्या. हजेरीची सक्ती नाही. तेही कसंबसं रुळावर येतंय तोवर आकडे वाढले आणि जिल्ह्याचा आदेश आला : शाळा पुन्हा बंद, दहावीसकट. फक्त ऑनलाइन.

"तुझ्या ऑनलाइनला किती असतात?"

"सहा-सात. रेंज असली तर."

"आणि बोर्ड परीक्षा घेणार आहे. एप्रिल संपता संपता." सरांनी खुर्ची पुढं ओढली. मग म्हणाले, "हे बघ, देसायांचं काजूचं शेड मोकळं पडलंय. गावाबाहेर आहे. सकाळी लवकर दहावीला तिथं बोलावू. गणित आणि विज्ञान, दोनच विषय. तू घे."

"पण सर, आदेश?"

"आदेश मुख्याध्यापकाला आलाय. तुला आलाय का? कोणी विचारलं तर उत्तर मी देईन. तू फक्त शिकव."

आई चहा घेऊन आली. तिनं शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं आणि म्हणाली, "सर सांगतात म्हणजे काय बघायला नको."

मीही बघितलं नाही. माझी शिक्षण सेवकाची तीन वर्षं त्या उन्हाळ्यात पुरी होणार होती, त्यानंतर कायम. सरांना नाही म्हणणं मला सुचणारही नव्हतं. आणि खोटं कशाला बोलू, मलाही शिकवायचं होतं. खिडकीच्या गजाशी बोलून मी कंटाळले होते.

सरांनी खिशातून शेडची चावी काढून माझ्या हातात दिली, बशीतला चहा संपवला आणि गेले.

पहिल्या दिवशी सर स्वतः आले. पत्र्याचं लांबट शेड, एका कडेला काजू फोडायची यंत्रं ताडपत्रीखाली झाकलेली, टरफलांचा उग्र वास. सरांनी दोन्ही बाजूंची दारं उघडायला लावली, पोरांना हात-हात अंतर सोडून पोत्यांवर बसवलं. प्लायवूडच्या काळ्या रंगवलेल्या तुकड्यावर तारीख त्यांनीच घातली.

"घरी सांगितलंय ना सगळ्यांनी?"

"व्हय सर."

"मग घरच्यांनीही बाहेर बोलायचं नाही. विचारलं तर शेताला गेलतो म्हणायचं. मॅडम सांगतील तसं वागायचं. मास्क काढायचा नाही."

पोरं हसली. त्यांना मजा वाटत होती. गणवेश नाही, दप्तर नाही. कोणी पुस्तक वैरणीच्या पिशवीतून आणायचं, कोणी जेवणाच्या डब्याबरोबर. पण शिकताना मात्र अशी शिकली की मला शाळेत तसा वर्ग कधी मिळाला नव्हता. वर्षभर घरात कोंडलेली पोरं ती. एखादं गणित सुटलं की दोन-तीन तोंडांतून एकदमच "हां!" निघायचं.

त्यात ऐश्वर्या तेजम सगळ्यांत पुढं. बारीक चणीची, मोठ्या डोळ्यांची मुलगी. उत्तर सांगितलं तरी तिचं समाधान व्हायचं नाही. "नक्की ना मॅडम?" असं एकदा तरी विचारायचीच. तिचे वडील मारुती तेजम वर्ग सुरू व्हायच्या आधीच मला रस्त्यात भेटले होते. "मॅडम, सर म्हणाले तुम्ही शिकवणार हाय. आमची पोरगी तेवढी न चुकता बसवा. तिला नर्स व्हायचंय. ऑनलाइनचं काय आमच्या घरात जमंना." हात जोडून बोलले होते. मला लाजल्यासारखं झालं होतं.

असे दोनेक आठवडे गेले असतील. एका सकाळी ऐश्वर्या दाराजवळच थांबली, आत येईना.

"काय गं?"

"मॅडम, अंग दुखतंय. रात्री ताप होता."

मी तिला तिथूनच परत पाठवलं आणि पाठोपाठ वर्गही सोडला. सरांच्या घरी गेले. ते अंगणात पेपर वाचत होते.

"घाबरू नकोस," ते म्हणाले. "चार दिवस बंद ठेवू."

"सर, बाकीच्या मुलांची तपासणी करायला पाहिजे. आशाताईंना सांगते."

"थांब जरा. साधा ताप असेल. उगाच बोभाटा कशाला?"

"सर, तिच्या घरात म्हातारे आजोबा आहेत."

"थांब म्हटलं ना."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचं ऐकलं नाही. संध्याकाळी आशाताईंना सगळं सांगितलं. तपासणी झाली. ऐश्वर्या आणि आणखी तीन पोरं पॉझिटिव्ह निघाली. पोरं बरी झाली. ऐश्वर्याच्या आजोबांना मात्र तालुक्याला हलवावं लागलं आणि तिथून ते परत आले नाहीत. शेवटचं तोंडसुद्धा घरच्यांना बघायला मिळालं नाही.

मग गावात ज्याच्या त्याच्या तोंडी शेड.

शाळेच्या मैदानात बैठक बोलावली. खुर्च्या लांब लांब मांडलेल्या. तालुक्याहून शिक्षण विस्तार अधिकारी आले होते, आमच्या संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब होते, सरपंच होते, दहावीचे झाडून सगळे पालक होते. पोरांना कोणी आणलं नव्हतं. मारुती तेजम एका कडेला बसले होते. नुकतं मुंडण केलेलं त्यांचं डोकं उन्हात चमकत होतं. मी तिकडं बघू शकले नाही.

मी मनाची तयारी करून गेले होते. वर्ग मी घेतला होता, ते मी सांगणारच होते. सर सांगतील की निर्णय आमचा होता, चूक झाली, मुलांसाठी केलं. मग होईल ते होईल. दोघं असलो की ओझं पेलतं, असं वाटत होतं.

अधिकाऱ्यांनी सरांना विचारलं, "मुख्याध्यापक, शाळा बंदचा आदेश तुम्हाला मिळाला होता?"

"मिळाला होता साहेब."

"मग हा वर्ग कोणाच्या परवानगीनं चालला?"

सर उभे राहिले. मास्क नीट केला. शांत आवाजात म्हणाले, "मला याची काहीच कल्पना नव्हती."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"पण साहेब," सर पुढं बोलू लागले, "माझी सगळ्यांना हात जोडून विनंती आहे. पोरगी लहान आहे. शिकवायची हौस दांडगी. पोरांचं नुकसान बघवलं नाही, त्या भरात करून बसली. तिला बाप नाही. दहावीपासून मी तिला लेकीसारखं बघत आलोय. तिच्यावर गुन्हा दाखल करू नका, तिचं आयुष्य बरबाद होईल. काय बोल लावायचा तो मला लावा. मुख्याध्यापक म्हणून लक्ष ठेवायला मीच कमी पडलो."

एवढं बोलून त्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले.

बैठकीत कुजबुज झाली. पाठीमागून कोणीतरी म्हणालं, "केवढं मोठं मन आहे बघा." आप्पासाहेबांनी मान हलवली. सरपंचांनी सरांना पाण्याचा ग्लास दिला. सगळे माझ्याकडं बघत होते, मी आता उठून सरांच्या पाया पडेन अशा नजरेनं.

मी उठले.

"सर, शेडची चावी तुम्ही दिलीत."

सर माझ्याकडं इतक्या दुःखानं बघत राहिले की क्षणभर मलाच आपलं काही चुकलं असं वाटलं. "तृप्ती, बस कर पोरी," ते हळूच म्हणाले.

"तुम्ही आमच्या घरी आला होतात. पहिल्या दिवशी फळ्यावर तारीख तुम्ही घातलीत. उत्तर मी देईन म्हणालात."

"शोभतं का हे?" आप्पासाहेब कडाडले. "ज्या माणसानं तुला पोटापाण्याला लावलं, आता तुझ्यासाठी हात जोडतोय, त्याच्यावरच ढकलतेस?"

"आप्पासाहेब, पालकांना विचारा. सगळ्यांना माहीत आहे." मी वळले. ओळखीचे चेहरे होते सगळे. कोणाच्या घरी मी जेवले होते, कोणाची मोठी मुलगी माझ्याबरोबर शिकली होती. "सांगा ना. पोरांनी घरी सांगितलंय तुम्हाला. सर आले होते की नाही?"

कोणी चपलेनं माती उकरू लागलं. कोणी फोन काढला. बायकांनी पदर तोंडावर ओढून घेतले.

शेवटी मी मारुती तेजमांकडं बघितलं. विचारायला नको होतं, पण विचारलं. "मारुतीदादा, तुम्ही मला रस्त्यात भेटला होता. सरांनी सांगितलं म्हणून."

ते उठले नाहीत. जमिनीकडं बघतच बोलले. "आमाला काय ठावं न्हाई. मॅडमनी बोलावलं म्हणून पोरगी धाडली."

त्या डोक्याकडं बघून बोलणं शक्यच नव्हतं. मी खाली बसले आणि पुढं काय काय ठरलं ते मला नीट ऐकूही आलं नाही.

दोन दिवसांनी सर घरी आले. आईनं नेहमीसारखी खुर्ची पुसली. मी तिला सगळं सांगितलं होतं, पुन्हा पुन्हा. तिचं एकच, "सर असं करायचे नाहीत. काहीतरी तुझा समज चुकलाय." त्या दिवशी सरांनी चावी दिली तेव्हा ती चहा ठेवून पुन्हा आत गेली होती.

"राजीनामा देऊन टाक," सर म्हणाले. "गुन्हा दाखल करणार नाहीत, मी बोलून घेतलंय. वर्षभरानं दुसऱ्या संस्थेत बघू. माझी ओळख आहे."

"खोटं का बोललात सर?"

आई आत गेली होती. सरांनी दाराकडं एकदा बघून घेतलं.

"मे महिन्यात रिटायर होतोय. चौकशी लागली असती तर पेन्शन अडकली असती. बायकोचं आजारपण तुला माहीत आहे." त्यांचा आवाज खरंच थकलेला होता. "आणि खरं सांगू? तिथं उभा राहिलो, साहेबानं विचारलं आणि माझी छाती धडधडायला लागली. त्या क्षणाला तोंडातून निघून गेलं. मग माघार कशी घ्यायची? निदान तुला तरी सांभाळून घेतलं. तुझ्यापुढं सगळं आयुष्य आहे पोरी."

मी राजीनामा दिला. दुसरं काही हातात नव्हतं. सर जाताना आई त्यांच्या पाया पडली. "तुम्ही होता म्हणून पोर वाचली," म्हणाली.

पुढच्या काही दिवसांत दहावीची परीक्षाच रद्द झाल्याची बातमी आली. मागच्या गुणांवरून सगळी पोरं पास. ती भिंगं, ती समीकरणं, कोणी कोणाला विचारली नाहीत. ही बातमी मी स्वयंपाकघरात भाकरी थापताना ऐकली आणि तशीच पिठाच्या हातांनी बसून राहिले.

मी गाव सोडलं. गडहिंग्लजला एका गाळ्यात शिकवणी सुरू केली. हळूहळू बरं चाललं. सरांचा राग होता, पण त्या रागाला मी एक जागा ठेवली होती. माणूस घाबरला. म्हातारपणी, बायको आजारी, समोर अधिकारी, घाबरून एक वाक्य निघून गेलं. असं होतं माणसाचं. दर दिवाळीला त्यांचा मेसेज यायचा, 'अनेक आशीर्वाद.' सुरुवातीला मी उत्तर दिलं नाही. मग दोन ओळींचं देऊ लागले.

गेल्या वर्षी एका दुपारी गाळ्याच्या दारात एक मुलगी उभी राहिली. डोळ्यांवरून ओळखलं.

"ऐश्वर्या?"

ती कोल्हापूरला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. मी तिला आत घेतलं, पाणी दिलं. इकडचं तिकडचं झालं. तिनं ग्लास हातातच धरला होता.

"मॅडम, एक विचारायला आले. तुमची माफी मागायची होती, आणि एक विचारायचं होतं."

"माफी कसली? तू तर बैठकीला नव्हतीस."

"नव्हते. पण आदल्या दिवशी घरी होते. सर आले होते आमच्याकडं. मी आतल्या खोलीत झोपलेले. त्यांना वाटलं असेल मला झोप लागलीय."

"कोण, डोणकर सर?"

"होय. सगळ्यांच्या घरी जाऊन आले होते ते. बाबांना म्हणाले, उद्या विचारलं तर मॅडमनी बोलावलं एवढंच सांगा. बाबा म्हणाले, खोटं कसं बोलायचं सर, तुम्हीच तर सांगितलंत. तेव्हा सर म्हणाले, मारुती, हे प्रकरण वाढलं तर लोक विचारतील म्हाताऱ्याला रोग कोणी दिला. मग तुझ्या पोरीचं नाव निघेल. आजोबाला मारलं म्हणतील. जन्मभर पुसणार नाही ते. तुला चालेल का?"

सगळ्यांच्या घरी. एकेका उंबऱ्यावर बसून, चहा घेऊन. म्हणजे मैदानात उभे राहिले तेव्हा त्यांना काय बोलायचं ते पाठ होतं. चष्मा कधी काढायचा तेही.

"बाबा रडले मॅडम. मग बरं म्हणाले." ऐश्वर्यानं ग्लास खाली ठेवला. "घरात मला कोणी कधी काही बोललं नाही. पण आज्जाचं ताट मीच वाढायची. ताप यायच्या आदल्या दिवशीपण मीच वाढलं. आता शिकतेय ना, सगळं कळतं कसं पसरतं ते. खरं सांगा. आज्जा माझ्यामुळंच गेले ना?"

मी उठून तिच्याशेजारी बसले.

"शेडमध्ये वर्ग भरवायचा हे सरांनी ठरवलं. मी शिकवलं. तुझ्या बाबांनी पाठवलं. तू दहावीत होतीस. शाळा भरली म्हणून तू आलीस. ताप आला तर लपवला नाहीस, दाराबाहेर थांबलीस. तुझा यात काही दोष नाही."

"नक्की ना मॅडम?"

"नक्की."

ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. तिच्या गाडीची वेळ झाली होती, स्टँडवर सोडून आले. परतले तोवर संध्याकाळच्या वर्गाची पोरं येऊन बसली होती. त्यांना गणित घालून दिलं, बाहेर पायरीवर आले आणि सरांना फोन लावला.

"बोल पोरी!" किती आनंद झाला होता त्यांना. "किती वर्षांनी आवाज ऐकला तुझा. बरी आहेस ना?"

"सर, ऐश्वर्या आली होती. तुम्ही तिच्या घरी गेला होता तेव्हा ती जागी होती. आतल्या खोलीत. तुम्ही बोललेलं सगळं तिनं ऐकलंय. आज्जाला आपण मारलं, असं धरून बसलीय ती इतकी वर्षं."

पलीकडं टीव्ही चालू होता. त्यांनी तो बारीक केला असावा.

"कोण ऐश्वर्या?" सरांनी विचारलं.